आयुष्य कशासाठी जगायचं हे कळतं कसं? जरा सोप्या भाषेत

हा प्रश्न आपल्याकडं कुणी सरळ विचारत नाही, पण वेगवेगळ्या तोंडातून तो रोज कानावर पडतोय. डिग्री होऊन तीनचार वर्षं झाली, कधी आर्मी भरती कधी पोलीस भरती कधी बँकेची परीक्षा असं चाललेला बेळगावजवळच्या येळ्ळूरकडचा एखादा पोरगा म्हणतो, "काय करूलालोय मलाच कळंना झालंय." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जन्म काढून रिटायर झालेले काका म्हणतात की सकाळी डोळा उघडतो, खरं उठायचं कशाला ते समजत नाही. पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला गेली, घरात दोनच माणसं, तिथली मावशी म्हणते आता कुणासाठी एवढं रांधायचं. तिघांचं दुखणं दिसायला वेगळं आहे, पण मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीचा गेली बरीच वर्षं मानसशास्त्रात नीट अभ्यास झालाय. तो अभ्यास आपल्या भाषेत फारसा कुणी सांगत नाही, जे मिळतं ते मोटिव्हेशनल भाषण असतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे "आयुष्याला अर्थ आहे असं वाटणं" ही एकच भावना नाहीये, तिचे भाग आहेत. फ्रँक मार्तेला आणि मायकेल स्टेगर या दोघा संशोधकांनी 2016 मध्ये याची तीन भागांत मांडणी केली आणि मला ती फार उपयोगी वाटते. एक, माझ्या आयुष्यात जे घडतंय ते मला समजतंय, कालचा आजशी काहीतरी मेळ लागतोय. दोन, माझं असणं महत्त्वाचं आहे, मी नसलो तर कुणाला तरी फरक पडेल. आणि तीन, मला पुढं कुठंतरी जायचंय, काहीतरी करायचं बाकी आहे. हा तिसरा भाग म्हणजे हेतू, लोक आजकाल ज्याला पर्पज म्हणतात तो.

आता वरच्या तिघांकडं परत बघा. फौंड्रीतल्या काकांना आपलं आयुष्य समजलेलं आहे, घरात मानही आहे, त्यांचा तिसरा भाग रिकामा झालाय. मावशीचा दुसरा भाग हललाय, आपली कुणाला गरज उरली नाही असं तिला वाटतंय. आणि भरतीच्या पोराचं तर वेगळंच, त्याच्याकडं पुढं जायची जागा ठरलेली आहे, धावतोय पण त्याच दिशेनं, पण दरवेळी नापास का होतोय, ही वर्षं कुठल्या हिशोबात धरायची याचा त्याला मेळ लागत नाहीये. म्हणून तिघांनाही एकच सल्ला, "काहीतरी छंद लावून घ्या", हा देऊन चालत नाही. आधी कुठला भाग रिकामा आहे ते बघायला पाहिजे. आपल्याकडं लोक सल्ला लगेच देतात, हे बघायचं राहून जातं.

हेतू म्हणजे नेमकं काय यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले विल्यम डेमन यांनी तरुण पोरांबरोबर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हेतू लांब पल्ल्याचा असतो, आज आला उद्या गेला असा नाही, तो तुम्हाला स्वतःला मनापासून महत्त्वाचा वाटायला लागतो, आणि तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, त्याचा परिणाम तुमच्या पलीकडच्या जगावर व्हायला लागतो. म्हणजे "मला गाडी घ्यायची आहे" ही इच्छा झाली, टार्गेट झालं, त्यात वाईट काही नाही, पण हेतू त्याच्यापेक्षा मोठा असतो.

टार्गेट आणि हेतू यातला हा फरक आपल्या भागातल्या पोरांना समजणं मला फार गरजेचं वाटतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आजूबाजूच्या कितीतरी गावांत घरटी कोण ना कोण फौजेत असतो, त्यामुळं पोरगा दहावीला गेला की पहाटे रस्त्यावर पळायला लागतो. चांगली गोष्ट आहे ती. पण भरती होणं हे टार्गेट आहे, त्याला वयाची अट आहे, उंची-छातीची अट आहे, जागा ठराविक आहेत. 2022 पासून अग्निपथ योजना आल्यावर तर नोकरीच चार वर्षांची, आणि त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढं कायम ठेवणार. म्हणजे भरती झालेल्या पोरांतला बराच मोठा हिस्सा पंचविशीच्या आसपास परत गावात येणार. त्यांनी जर "फौजेत जाणं" हेच आयुष्याचं कारण धरलं असेल तर वयाच्या पंचविशीत कारण संपलं. पण त्याच पोराला कुणी विचारलं की बाबा तुला फौजेत का जायचंय, आणि तो म्हणाला की संकटात लोकांच्या उपयोगी पडायचंय, शिस्तीत राहायचंय, घराला आधार द्यायचाय, तर हे सगळं फौजेबाहेरही करता येतं. 2019 च्या पुरात चिकोडी, निपाणी, गोकाक या बाजूला किती गावांत पाणी शिरलं होतं ते आपण बघितलंय. टार्गेट हुकलं तरी हेतू शिल्लक राहू शकतो, पण त्यासाठी तो टार्गेटपासून वेगळा करून आधी बघितलेला असला पाहिजे.

आता कुणी म्हणेल हे सगळं पोट भरलेल्यांचे विचार झाले, याचा उपयोग काय. उपयोग आहे, आणि तो शरीरापर्यंत पोचतो. जपानमध्ये ओसाकी नावाच्या भागात 43,000 पेक्षा जास्त लोकांवर सात वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यांना विचारलेलं की तुमच्या आयुष्यात जगण्याजोगं काही आहे असं वाटतं का, ज्याला ते लोक इकिगाई म्हणतात. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यात मरणाचं प्रमाण कमी निघालं, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी येणाऱ्या मरणाचं. 2008 मध्ये हे छापून आलं. अमेरिकेत पॅट्रिक हिल आणि निकोलस तुरियानो यांनी सहा हजारांहून जास्त लोकांची चौदा वर्षांची माहिती तपासली, 2014 मध्ये, तिथंही तसंच दिसलं, आणि तरुण काय म्हातारा काय, नोकरीत असलेला काय रिटायर झालेला काय, सगळ्यांनाच फायदा दिसला. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या पेट्रिशिया बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास केला तर ज्यांच्या आयुष्यात हेतू जास्त त्यांना अल्झायमर होण्याचं प्रमाण कमी आढळलं. पुढं त्यातली जी माणसं वारली त्यांचे मेंदू तपासले, तर रोगाच्या खुणा मेंदूत असूनसुद्धा हेतू असलेल्या माणसांची बुद्धी शेवटपर्यंत बरी टिकलेली होती.

इथं एक सावधगिरी पाहिजे. यातून हेतूमुळंच माणूस जास्त जगला असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण ज्याची तब्येत मुळातच चांगली त्याला हेतू सापडणंही सोपं जातं. संशोधक आधीची तब्येत, शिक्षण, पैसा हे सगळं हिशोबात धरून बघतात, तरी थोडी शंका उरतेच. पण त्यामागची साखळी पटण्यासारखी आहे. 2014 च्याच एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की हेतू असलेली माणसं कोलेस्ट्रॉल, कॅन्सरच्या तपासण्या वेळेवर करून घेतात. आपल्याकडंही बघा, नातीचं लग्न बघायचंय म्हणणारी आजी शुगरची गोळी चुकवत नाही.

मग हा हेतू येतो कुठून? लोकांना वाटतं तो कुठंतरी आधीच लिहून ठेवलेला असतो आणि आपण डोळे मिटून खूप विचार केला की एक दिवस लख्ख दिसतो. अभ्यास करणारे तसं म्हणत नाहीत. टॉड कॅशडन आणि पॅट्रिक मॅकनाइट यांनी 2009 मध्ये तीन वाटा सांगितल्या, आणि तिन्ही वाटा आपल्या भागात रोज दिसतात.

पहिली वाट म्हणजे दुसऱ्याचं बघून. आजोबा दरवर्षी पंढरीच्या वारीला जातात, नातू लहानपणी त्यांच्याबरोबर दिंडीत चालला, पुढं कधीतरी दिंडीतल्या जेवणाची व्यवस्था त्यानं अंगावर घेतली, त्याला कुणी "तुझा हेतू शोध" असं सांगितलं नव्हतं. सीमाभागातल्या आधीच्या पिढीचं तर सगळं आयुष्यच असं घडलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि मराठी टिकवायची, महाराष्ट्रात जायचं, हा हेतू गल्लीगल्लीत आयता मिळाला. त्या लोकांना आपण कशासाठी जगतोय हे कुणाला विचारायला लागलं नाही, मोर्चा होता, सत्याग्रह होता, तुरुंगवास होता, सोबत माणसं होती. आजच्या पोरांकडं तसं आयतं काही नाहीये आणि म्हणून ती भरकटलेली दिसतात, त्यांना नुसतं "मोबाइल सोड" म्हणून रागावून उपयोग नाही. वारशानं आलेला हेतू नातवापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, त्यानं तो हातात घेऊन आपल्या पद्धतीनं काहीतरी केलं तरच तो त्याचा होतो. कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव अशा गावांत जी मराठी साहित्य संमेलनं भरतात ना, मंडप, जेवण, ग्रंथदिंडी सगळं गावानं मिळून केलेलं, त्यात राबणारी तरुण पोरं बघितली की हे समजतं. भाषणाला बसलेल्या माणसापेक्षा खुर्च्या लावणाऱ्या पोराला ते संमेलन जास्त आपलं वाटतं.

दुसरी वाट दुःखातून जाते. ही वाट कुणी निवडत नाही. व्हिक्टर फ्रँकल हे 1905 मध्ये व्हिएन्नात जन्मलेले ज्यू मनोविकारतज्ज्ञ, त्यांना 1942 मध्ये नाझींनी पकडून छळछावणीत टाकलं, पुढं ऑश्वित्झला नेलं. बायको, आई, वडील, भाऊ सगळे गेले. लिहून ठेवलेल्या पुस्तकाचं हस्तलिखित छावणीत हिसकावून घेतलं गेलं, तर हे तापात असताना कागदाच्या कपट्यांवर ते परत लिहायला लागले. 1945 मध्ये सुटले आणि पुढं 1997 पर्यंत जगले, तोवर लोकांना हेच शिकवत राहिले की माणसाला अर्थ तीन ठिकाणी मिळू शकतो, काहीतरी काम किंवा निर्मिती करण्यात, कुणावर तरी प्रेम करण्यात, आणि जे दुःख टाळताच येत नाही त्याला आपण कसं सामोरं जातो त्यात. टाळता येत नाही हे शब्द त्यातले महत्त्वाचे. जे दुःख टाळता येतं ते आधी टाळायचं, त्याला अर्थ शोधत सहन करत बसायचं नाही, हे फ्रँकलनीच स्पष्ट सांगितलंय. नवरा मारतोय आणि सोशिकपणाला अर्थ आहे म्हणून बाई गप्प बसली, असं या विचारातून कधीच निघत नाही.

इतक्या लांब जायची पण गरज नाही. कवयित्री इंदिरा संत आपल्या बेळगावात राहिल्या. 1946 मध्ये त्यांचे पती ना. मा. संत अचानक वारले, पदरात लहान मुलं. त्यांनी शिक्षिकांना घडवणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी केली, पुढं प्राचार्य झाल्या, मुलं वाढवली, आणि ज्या कवितेची सुरुवात दोघांनी मिळून केली होती ती एकटीनं आयुष्यभर लिहीत राहिल्या. 1984 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फ्रँकल सांगतात त्या तिन्ही जागा या एका आयुष्यात दिसतात, आणि ते आयुष्य आपल्याच गावच्या गल्ल्यांतून गेलंय.

तिसरी वाट सगळ्यात साधी आणि बहुतेकांसाठी तीच खरी, ती म्हणजे करून बघत बघत. थोडं हे केलं, थोडं ते केलं, त्यातलं एक काहीतरी चिकटलं. इथं एक गैरसमज फार नुकसान करतो, तो म्हणजे "तुझी पॅशन शोध". पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2018 मध्ये यावर प्रयोग छापले. ज्या लोकांना वाटतं की आवड ही आत तयारच असते, ती फक्त सापडायची असते, ती माणसं काम अवघड झालं की लवकर सोडतात, कारण त्यांना वाटतं की खरी आवड असती तर इतकं जड गेलंच नसतं. ज्यांना वाटतं की आवड हळूहळू वाढते ती टिकून राहतात. खानापूर भागात पावसाआधी कोरड्या मातीत, धूळवाफेवर भात पेरतात तसं आहे हे, पेरलं त्या दिवशी रानात काही दिसत नाही म्हणून कुणी परत उकरून बघत नाही. पोरानं एक महिना कॉम्प्युटर क्लास केला आणि "यात माझं मन नाही" म्हणून सोडला, तर त्यात त्याचं मन होतं का नव्हतं हे कुणालाच कळलेलं नसतं.

त्या इकिगाईचं चार गोलांचं चित्र तुम्ही पण मोबाइलवर बघितलं असेल, आवडतं ते, जमतं ते, जगाला पाहिजे ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते, चारी गोल जिथं मिळतात तिथं तुमचा इकिगाई. ते चित्र जपानी नाहीये, युरोपात "पर्पज" या शब्दाभोवती काढलेल्या चित्रावर 2014 मध्ये एका ब्रिटिश माणसानं तो शब्द बसवला. त्या चित्रामुळं लोकांना उगीच वाटतं की हेतूतून पैसे पण मिळायलाच पाहिजेत. जपानी म्हातारा माणूस इकिगाई म्हणून नातवंडं सांगतो, परसातली भाजी सांगतो. तुमची नोकरी एकीकडं आणि हेतू दुसरीकडं असू शकतो, हिंडलग्याचा एखादा माणूस दिवसभर दुकानात हिशोब लिहितो आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज शिकवतो, त्यात काहीच कमी नाही.

आणि उलटं पण होतं, साध्या नोकरीतच हेतू सापडतो. एमी रेझनिएव्हस्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांशी बोलून 2001 मध्ये लिहिलंय की सारखंच काम करणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं होती. काही जण फरशी पुसून निघून जायचे. काही जण पेशंटशी दोन शब्द बोलायचे, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट दाखवायचे, कारण त्यांच्या लेखी आपण पेशंट बरा करणाऱ्यांतले एक होतो. काम तेच, पगार तोच, पण दुसऱ्या तऱ्हेची माणसं जास्त समाधानी होती. हे सांगताना मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, मालकानं याचा आधार घेऊन पगार कमी द्यायचा नाही. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला मजुरी पुरत नसेल तर तिला कामात अर्थ शोधायला सांगणं हा अन्याय आहे, तिला आधी मजुरी पाहिजे.

बरं, मग करायचं काय. मला जे पटलंय ते एवढंच की "माझा हेतू काय" हा प्रश्न बाजूला ठेवून "माझी गरज कुणाला आहे आणि मी त्यातलं काय करू शकतो" इथून सुरुवात करायची, कारण पहिल्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही आणि दुसऱ्याला लगेच दोनचार उत्तरं सुचतात. शेजारची पोरगी मराठी शाळेतून कन्नड किंवा इंग्लिश मीडियमच्या कॉलेजात गेली आणि गोंधळलीय, तिला तुम्ही कन्नड वाचायला शिकवू शकता. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून चालत आलंय ते पिढ्यानपिढ्या कुणीतरी असंच अंगावर घेतल्यामुळं, गावोगावच्या छोट्या वाचनालयांना तर माणसं कमीच पडतात. यातलं एक घ्यायचं, आठवड्यातली ठराविक वेळ द्यायची, आणि निदान एक सीझनभर सोडायचं नाही. मग बघायचं की त्या दिवशी घरातून निघताना कसं वाटतं आणि परत आल्यावर कसं वाटतं. परत आल्यावर दमलोय पण बरं वाटतंय, असं वारंवार होत असलं तर तेच चालू ठेवायचं. तसं नसलं तर बदलायचं.

शोधताना बेचैनी होते हे खरं आहे. स्टेगरच्या अभ्यासांत अमेरिकेत अर्थ शोधत असलेली माणसं जरा जास्त अस्वस्थ दिसली, पण जपानमध्ये तसं दिसलं नाही, तिथं शोधणं आणि सापडणं बरोबरीनं चालतं. मला वाटतं सोबतीला माणसं असली की शोध टोचत नाही, आणि आपल्याकडं सोबतीला माणसांची वाण नाही, फक्त त्यांच्याजवळ बोलायला पाहिजे.

एक मात्र वेगळं ओळखायला पाहिजे. दोन आठवडे झाले, कशातच मन लागत नाही, झोप उडालीय, नाहीतर सारखी झोपच येते, जेवण जात नाही, आधी आवडायचं तेही नकोसं वाटतं, जगण्यात काय राम आहे असं मनात येतंय, तर तो हेतूचा प्रश्न नसून डिप्रेशन असू शकतं, आणि ते औषधानं आणि बोलण्यानं बरं होणारं दुखणं आहे. तिथं "तू जरा कामाला लाग" म्हणणं चुकीचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, रात्री पण चालते, आणि आपल्याला जवळ धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे, डिमहान्स. ताप आला की डॉक्टरकडं जातो तसंच जायचं, लाजायचं काही कारण नाही.

आता राहिले ते रिटायर झालेले काका. एरिक एरिक्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की मध्यम वय ओलांडताना माणसाची मोठी गरज असते ती पुढच्या पिढीसाठी काहीतरी करायची, ते झालं नाही तर माणूस आतून साचून राहतो. काकांच्या हातात तीस वर्षांचं ज्ञान आहे, साचा कसा बांधायचा, धातू नीट वितळलाय हे रंगावरून कसं ओळखायचं, कास्टिंगमध्ये पोकळी का राहते, हे आयटीआय करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोराला पुस्तकातून तितकं येत नाही. काकांनी रविवारी सकाळी दोन तास अशा पोरांना घेऊन बसायचं ठरवलं तर पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, ओट्यावर जागा आहे. पहिल्या रविवारी एकच पोरगा येईल बहुतेक. तो काहीतरी असं विचारेल की काकांना त्याचं उत्तर लगेच देता येणार नाही, आणि सोमवारी काका जुन्या शॉपमधल्या दोस्ताला फोन करून विचारतील की अरे, त्या ग्रे आयर्नच्या जॉबला आपण वाळूत नेमकं काय मिसळायचो.